हातातल्या स्वस्त रेडिओवरून सॅटेलाइट पकडायचा कसा: आधी ऐकायला शिका

सॅटेलाइटवरून बोलायचं म्हटलं की डोळ्यासमोर मोठी डिश, फिरणारे रोटर आणि टेबलभर मशीनं येतात, आणि म्हणून कितीतरी हॅम लोक, म्हणजे हौशी रेडिओवाले, लायसन्स काढून वर्षानुवर्षं जवळच्या रिपीटरवरच (आवाज पकडून पुढे पाठवणारं स्टेशन) थांबतात. तेवढं काही लागत नाही. बाओफेंग यूव्ही-५आर किंवा त्याच जातीचा कुठलाही पाच वॅटचा ड्युअल बँड एफएम हँडी (दोन बँडवर चालणारा हातातला रेडिओ), हातात धरायची एक छोटी यागी अँटेना (एका दिशेला रोखायची काड्यांची अँटेना) आणि पासची, म्हणजे सॅटेलाइट आपल्या आकाशातून जायची, वेळ सांगणारं मोबाइल ॲप, एवढ्यावर दोन-अडीच हजार किलोमीटर लांबच्या माणसाशी बोलणं होतं. मी स्वतः असंच करतो, महागडा रेडिओ माझ्याकडे आजही नाही.

हे जमतं कसं ते आधी डोक्यात बसवा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. व्हीएचएफ (इथे १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास) आणि यूएचएफचा (इथे ४३५ च्या आसपास) सिग्नल सरळ रेषेत जातो, जमिनीवर बिल्डिंगा, झाडं, डोंगर आडवे येतात आणि पाच वॅट थोड्याच अंतरात संपून जातात, पण वर आकाशाकडे मध्ये काहीच नसतं. इंटरनॅशनल स्पेस स्टेशन साधारण ४०० किलोमीटर उंचीवरून फिरतं, एसओ-५० हा हॅम लोकांचा सॅटेलाइट, म्हणजे उडता रिपीटरच, साधारण ६५० किलोमीटरवरून. बरोबर डोक्यावर असताना अंतर एवढंच. क्षितिजावर असताना मात्र तेच स्पेस स्टेशन तुमच्यापासून २३०० किलोमीटरच्या आसपास असतं, म्हणजे पाच-सहा पट लांब आणि सिग्नल जवळजवळ तीस पट कमजोर.

आता खरी गोम ऐका. एसओ-५० चा ट्रान्समीटर पाव वॅटचा आहे, २५० मिलिवॅट. तुमच्या हातात पाच वॅट. म्हणजे तुम्ही त्याच्याशी वीसपट जोरात बोलताय आणि तो तुमच्याशी कुजबुजतोय. त्याच्यापर्यंत तुमचा आवाज जाणं हा प्रश्नच नाही, त्याचं तुम्हाला ऐकू येणं हा प्रश्न आहे. नवीन लोक इथेच चुकतात, आठ वॅटचा रेडिओ शोधत बसतात, आणि खरं लक्ष द्यायला हवं ते अँटेनाकडे आणि कानाकडे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, ऐकायला बहुतेक ठिकाणी कुणाची अडचण नसते पण पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबायला ॲमॅच्युअर रेडिओचं लायसन्स आणि स्वतःचा कॉलसाइन (स्टेशनचं ओळखनाव) लागतो, तुमच्या देशातला नियम काय आहे तो बघून घ्या. लायसन्स नसेल तर हा लेख ऐकण्यापुरता वापरा, त्यातसुद्धा भरपूर मजा आहे.

पहिलं काम: काहीही नवीन न घेता ऐकून बघा

रेडिओसोबत आलेली ती छोटी रबरी अँटेना पण चालेल सुरुवातीला, फक्त स्पेस स्टेशनसाठी. तीन फ्रिक्वेन्सी लक्षात ठेवा, आकडे सगळे मेगाहर्ट्झमध्ये. १४५.८०० वर स्पेस स्टेशनवरून अंतराळवीर शाळेतल्या मुलांशी बोलतात आणि अधूनमधून एसएसटीव्ही, म्हणजे आवाजातून पाठवलेली, चित्रं येतात, १४५.८२५ वर एपीआरएसचे डेटा पॅकेट येतात, ते ऐकायला छोट्या छोट्या फर्र-फर्र फटकाऱ्यांसारखे लागतात, आणि ४३७.८०० वर व्हॉइस रिपीटरचा डाउनलिंक, म्हणजे वरून खाली येणारा सिग्नल, असतो, तो सप्टेंबर २०२० पासून सुरू झाला. हे सगळं एकाच वेळी चालू नसतं, कधी पॅकेट चालू तर कधी रिपीटर, आणि स्पेसवॉक असला किंवा नवीन यान जोडायचं असलं की रेडिओ बंदच ठेवतात. म्हणून बाहेर पडायच्या आधी ॲमसॅट या हॅम सॅटेलाइटवाल्यांच्या संघटनेच्या साइटवर स्टेटसचा तक्ता असतो तो बघायचा, लोक तिथे कुठला सॅटेलाइट ऐकू आला, कुठला नाही ते टाकत असतात.

एसएसटीव्ही चालू असेल तर सोडू नका. फोनवर रोबोट३६ नावाचं ॲप टाका, मोड पीडी१२० ठेवा, रेडिओचा स्पीकर फोनच्या माइकजवळ धरा, आणि दोन मिनिटांत एकेक ओळ करत चित्र उतरतं. अंतराळातून आलेलं चित्र आपल्या हातातल्या रेडिओवर उतरताना बघणं, त्याची सर कशालाच नाही.

ऐकताना दोन गोष्टी नक्की करा. स्क्वेल्च (खरखर आणि कमजोर सिग्नल दाबून ठेवणारी सेटिंग) शून्य करा, म्हणजे मेनूत एसक्यूएल ०. खरखर सतत येत राहील, येऊ द्या. सॅटेलाइटचा सिग्नल इतका बारीक असतो की स्क्वेल्च उघडायच्या आतच सगळा पास निघून जातो, मी सुरुवातीचे चार-पाच पास असेच कोरडे घालवलेत, स्क्वेल्च तीनवर होता आणि मला वाटत होतं रेडिओच खराब आहे. आणि दुसरं म्हणजे अँटेनाचं टोक सॅटेलाइटकडे रोखून धरू नका. रबरी अँटेना असो की लांब काडीची, टोकाच्या दिशेने ती जवळजवळ बहिरी असते. तिची कूस सॅटेलाइटकडे हवी, म्हणजे डोक्यावरचा पास असेल तर रेडिओ आडवा धरायचा.

पास कसा निवडायचा

लुक४सॅट, हेव्हन्स-अबव्ह, कॉम्प्युटरवर जीप्रेडिक्ट, कुठलंही घ्या. स्वतःचं लोकेशन बरोबर टाका आणि टीएलई अपडेट करा. टीएलई म्हणजे सॅटेलाइटच्या कक्षेचे आकडे, ते जुने झाले की वेळ हळूहळू चुकायला लागते, आठवड्यातून एकदा अपडेट केले तर बास. नाव शोधून सापडलं नाही तर कॅटलॉग नंबर टाका, स्पेस स्टेशनचा २५५४४ आणि एसओ-५० चा २७६०७.

ॲप तुम्हाला सांगेल की सॅटेलाइट किती वाजता कुठल्या दिशेला उगवणार, जास्तीत जास्त किती अंश वर चढणार आणि कुठे मावळणार. सुरुवातीला ४० ते ६० अंश चढणारे पास घ्या. १५-२० अंशाचा पास क्षितिजाच्या जवळूनच जातो, लांबही असतो आणि आड पण खूप येतं. बरोबर डोक्यावरून ८५-९० अंशाने जाणारा पास कागदावर भारी वाटतो पण मधल्या अर्ध्या मिनिटात दिशा एकदम पलटते आणि नवीन माणसाचा हात गोंधळतो. स्पेस स्टेशनचा चांगला पास दहा मिनिटांचा, एसओ-५० चा बारा-तेरा मिनिटांपर्यंत.

पासच्या पंधरा मिनिटं आधी जागेवर जाऊन उभे राहा आणि अँटेना रिकामीच त्या मार्गावरून एकदा फिरवून बघा. इथून उगवणार, त्या टाकीच्या वरून जाणार, त्या झाडामागे मावळणार, असं खुणा धरून. होकायंत्र लोखंडी कठड्याजवळ चुकीचं दाखवतं, तेव्हा खुणाच खऱ्या.

रेडिओत चॅनल भरणं

इथे डॉप्लर समजून घ्यावाच लागतो. रेल्वेची शिट्टी जवळ येताना बारीक आणि लांब जाताना जाड ऐकू येते तेच इथे रेडिओच्या फ्रिक्वेन्सीला होतं. सॅटेलाइट सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वेगाने धावत असतो, त्यामुळे ४३५ च्या बँडवर फ्रिक्वेन्सी येताना साधारण १० किलोहर्ट्झ वर आणि जाताना तेवढीच खाली सरकते, १४५ च्या बँडवर फक्त तीन-साडेतीन. तीनचा फरक एफएममध्ये खपून जातो, दहाचा नाही. म्हणून यूएचएफची बाजू पाच पायऱ्यांत भरायची आणि व्हीएचएफची बाजू आहे तशी ठेवायची.

एसओ-५० साठी असं भरा. ट्रान्समिट सगळ्या चॅनलवर १४५.८५०, टोन ६७.० (बोलण्याखाली जाणारा दबका सूर, हर्ट्झमध्ये, तो असेल तरच सॅटेलाइट तुमचा आवाज पुढे पाठवतो). रिसीव्ह पहिल्या चॅनलवर ४३६.८०५, मग ४३६.८००, मधला ४३६.७९५, मग ४३६.७९०, शेवटचा ४३६.७८५. पास जसा पुढे जातो तसं एकेक चॅनल खाली.

याला अजून एक सहावं चॅनल लागतं. एसओ-५० २० डिसेंबर २००२ ला वर गेला आहे आणि वीज वाचवायला त्याच्यात दहा मिनिटांचा टायमर आहे, तो संपला की ट्रान्समीटर झोपतो. त्याला उठवायला ७४.४ चा टोन दोन सेकंद पाठवावा लागतो. म्हणून मधल्याच फ्रिक्वेन्सीचं एक चॅनल ७४.४ टोन लावून वेगळं ठेवा. बऱ्याचदा दुसऱ्या कुणीतरी आधीच उठवलेला असतो, त्यामुळे आधी ऐका, आवाज येत असेल तर याची गरजच नाही.

स्पेस स्टेशनच्या रिपीटरला ट्रान्समिट १४५.९९०, टोन ६७.०, आणि रिसीव्ह ४३७.८१० पासून ४३७.७९० पर्यंत पाचपाच किलोहर्ट्झने खाली.

काही सॅटेलाइट उलटे असतात, वर यूएचएफ आणि खाली व्हीएचएफ, जसा एओ-९१, ज्याचा अपलिंक ४३५.२५० आणि डाउनलिंक १४५.९६०. अशा ठिकाणी रिसीव्ह एकच ठेवायचं आणि ट्रान्समिट पाच पायऱ्यांत भरायचं, पण उलट्या क्रमाने, ४३५.२४० पासून सुरू करून ४३५.२६० पर्यंत वर, कारण सॅटेलाइट जवळ येत असताना तुमचा सिग्नल त्याला वरच्या फ्रिक्वेन्सीवर पोचतो, म्हणून तुम्ही खालून सुरुवात करायची. हे उलटंसुलटं एकदा कागदावर काढा म्हणजे परत कधी चुकणार नाही. एओ-९१ ची बॅटरी मात्र खराब झालेली, त्याच्यावर ऊन असतानाच वापरा अशी ॲमसॅटचीच सूचना होती. सॅटेलाइटही म्हातारे होतात, त्याचा भाऊ एओ-९२ तर २०२४ च्या फेब्रुवारीत वातावरणात येऊन जळून गेला. त्यामुळे जुन्या याद्यांवर विसंबू नका.

चॅनल भरायला कॉम्प्युटरवर चर्प नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर सगळ्यात बरं. ड्युप्लेक्सच्या खान्यात स्प्लिट निवडा आणि ऑफसेटच्या खान्यात सरळ ट्रान्समिट फ्रिक्वेन्सी टाका. टोन मोड मध्ये फक्त टोन निवडा, टीएसक्यूएल नको, तो निवडला की रिसीव्हला पण टोन लागतो आणि सॅटेलाइट टोन परत पाठवत नसेल तर स्पीकर मुकाच राहणार. केबल नसेल तर कीपॅडवरून पण होतं, यूव्ही-५आर मध्ये रिसीव्ह फ्रिक्वेन्सी टाकून मेनू १३ मध्ये टोन लावून मेनू २७ ने चॅनलमध्ये ठेवायची, मग ट्रान्समिट फ्रिक्वेन्सी टाकून परत मेनू २७ ने त्याच चॅनल नंबरवर ठेवायची. जरा कंटाळवाणं आहे पण चालतं.

मेनूत अजून थोडं बघा: टीडीआर बंद, कारण ड्युअल वॉच चालू असला की रेडिओ ऐनवेळी दुसऱ्या लाइनवर उडी मारतो. सेव्ह (बॅटरी वाचवायची सोय) बंद. बीसीएल बंद, नाहीतर समोर सिग्नल आहे म्हणून रेडिओ तुम्हाला बोलूच देणार नाही. डब्ल्यू/एन वाइडवर. रॉजर बीप बंद, तो सॅटेलाइटवर सगळ्यांच्या कानात जातो.

अँटेना

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, दुप्पट पैसे रेडिओत घालण्यापेक्षा निम्मे पैसे अँटेनात घाला. लांब काडीची अँटेना लावली की रबरीपेक्षा बरंच सुधारतं, आणि तिच्या बुडाशी, जिथे ती रेडिओला बसते तिथल्या धातूच्या कड्याला, साधारण ५० सेंटीमीटरची वायर बांधून खाली लोंबती सोडली की १४५ वर अजून सुधारतं. पण एसओ-५० नीट ऐकायचा तर यागीच लागते.

तयार मिळणाऱ्या हातातल्या यागीत एकाच दांड्यावर दोन्ही बँडच्या काड्या असतात, एक उभ्या आणि एक आडव्या, म्हणजे एकमेकांच्या कामात येत नाहीत. घरी करायची तर प्लास्टिकचा पाइप आणि मेजरिंग टेपची स्टीलची पट्टी किंवा जाड तांब्याची तार पुरते. ४३५ साठी तीन काड्यांची साधी यागी करा. तरंगलांबी तिथे ६९ सेंटीमीटर असते, तिच्या निम्म्याला जवळ म्हणजे मागची काडी ३४ सेंटीमीटर, मधली जिला केबल जोडायची ती साडेबत्तीसच्या आसपास आणि मध्ये कापलेली, पुढची साडेतीस. काड्यांमध्ये १२-१४ सेंटीमीटर अंतर. हे ढोबळ आकडे आहेत, ऐकायला उत्तम चालतात. या अँटेनावरून ट्रान्समिट करायचं असेल तर मात्र एसडब्ल्यूआर (अँटेनावरून किती पॉवर परत फिरते त्याचं माप) मोजून मधली काडी जुळवूनच घ्या, नाहीतर रेडिओच्या आउटपुटवर ताण येतो. केबल छोटी ठेवा, मीटरभर पुरे, लांब केबल आधीच कुजबुजणारा आवाज अजून खाते. बाओफेंगच्या रेडिओवरच एसएमए मेल असतो, म्हणून अडॅप्टर घेताना फीमेल बाजूचा घ्या, हे उलटं आणून लोक हमखास फसतात.

पास चालू असताना

उगवायच्या वेळेला पहिलं चॅनल लावा, अँटेना त्या दिशेला क्षितिजाच्या जरा वर धरा आणि खरखर ऐका. आवाज एकदम येत नाही. आधी खरखर पातळ होते, जशी पावसाची सर ओसरताना पत्र्यावरचा आवाज विरळ होत जातो तशी, आणि त्या विरळ जागेत मग अर्धवट कॉलसाइन तरंगायला लागतो. तो क्षण ओळखायला शिकलात की अर्धं काम झालं. तिथे थांबा आणि मनगट फिरवा, म्हणजे अँटेनाची दिशा तीच ठेवून तिला स्क्रूसारखी पाव वळण वळवा. सॅटेलाइट स्वतः गिरक्या घेत असतो, त्याच्या अँटेनाचा कल सारखा बदलतो, आणि तुमच्या काड्या त्याला काटकोनात पडल्या की आवाज बुडतो. पाव वळणात बुडालेला आवाज एकदम स्पष्ट वर येतो, पहिल्यांदा हे झालं तेव्हा मला वाटलं दुसरंच कुणीतरी बोलायला लागलं. मग पूर्ण पासभर हेच, दिशा, वळण, आणि आवाज फाटायला लागला की एक चॅनल खाली.

आवाज फाटतो आणि आवाज बुडतो, यातला फरक लक्षात घ्या. फाटतो म्हणजे शब्द चरचरतात पण जोर आहे, तेव्हा चॅनल बदला. बुडतो म्हणजे खरखर वर येते, तेव्हा अँटेना हलवा. डॉप्लर सगळ्यात जोरात पासच्या मध्यावर सरकतो, तिथे दोन-तीन चॅनल पटापट बदलावे लागतात, टोकांना मात्र एकाच चॅनलवर दोन-तीन मिनिटं निघतात.

आता बोला

चार-पाच पास नुसते ऐकून झाल्यावर बोला, आणि स्वतःला सॅटेलाइट ऐकू येत नसेल तर पीटीटीला हात लावू नका. हा या सगळ्यातला मोठा नियम आहे. एफएममध्ये ज्याचा सिग्नल जोरात तोच जातो, बाकीचे दाबले जातात, आणि सगळ्या पट्ट्यातल्या लोकांना मिळून एकच चॅनल असतं. एसओ-५० च्या खाली एका वेळी साडेपाच हजार किलोमीटर रुंद वर्तुळ असतं, त्यात किती स्टेशनं असतील विचार करा. मी सुरुवातीला काही ऐकू येत नसताना बोलत राहिलो होतो, नंतर दुसऱ्या एकाच्या रेकॉर्डिंगमध्ये कळलं की माझा आवाज छान जात होता आणि मी दोन जणांच्या बोलण्यावर बोललो होतो. त्यातल्या एकाला तो ग्रिड (नकाशावरचा चौकोन, पुढे सांगतो) पहिल्यांदा मिळत होता. त्याचं मला खरंच वाईट वाटलं.

इथे लांबलचक सीक्यू (कुणी आहे का, अशी हाक) मारत नाहीत. मोकळी जागा मिळाली की कॉलसाइन अल्फा-ब्राव्होच्या भाषेत एकदा, आणि ग्रिड. ग्रिड म्हणजे पृथ्वीचे केलेले चौकोन, चार अक्षरांचा एक चौकोन दोन अंश रेखांश आणि एक अंश अक्षांशाचा. विषुववृत्त आणि शून्य रेखांश जिथे मिळतात तिथला चौकोन जेजे००, तुमचा कुठला ते ॲपच सांगतं. समोरच्याने तुमचा कॉलसाइन घेतला की त्याचा कॉलसाइन, तुमचा ग्रिड, धन्यवाद, संपलं. दहा सेकंदात होतं. हवामान, रेडिओचं मॉडेल, तब्येत हे सगळं इथे नको, लोक वाट बघत असतात. कुणी कमजोर स्टेशन प्रयत्न करत असेल तर गप्प बसून त्याला जागा द्या.

बोलताना माइक तोंडापासून चार बोटं लांब, वाऱ्याकडे पाठ, आणि पीटीटी दाबल्यावर अर्धा सेकंद थांबून मग बोला, टोन ओळखायला तेवढा वेळ लागतो, नाहीतर कॉलसाइनचं पहिलंच अक्षर कापलं जातं.

जमत नसेल तर

ऐकू येतं पण कुणी उत्तर देत नाही, तर दहापैकी आठ वेळा टोन लागलेला नसतो. ट्रान्समिट दाबल्यावर स्क्रीनवर १४५ चा आकडा येतोय का ते पण बघा, स्प्लिट नीट बसला नसेल तर तुम्ही डाउनलिंकवरच बोलत असता.

एका रेडिओवर बोलताना स्वतःचं परत आलेलं ऐकू येत नाही ही मोठी उणीव आहे. म्हणून दुसरा तसलाच स्वस्त रेडिओ नुसता ऐकायला ठेवणं मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं, किंवा आरटीएल-एसडीआरचा डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला लावायचा स्वस्त रिसीव्हर. पण तिथे एक अडचण येते. १४५.९९० ची तिप्पट करा, ४३७.९७० येते, स्पेस स्टेशनच्या डाउनलिंकच्या अगदी शेजारी. स्वस्त रेडिओतून ही तिप्पट फ्रिक्वेन्सी थोडी गळतेच आणि शेजारचा रिसीव्हर बहिरा होतो. ट्रान्समिटचा रेडिओ तीन-चार मीटर लांब ठेवा, अंगाचा आडोसा करा, पॉवर लो वर आणा, एक वॅटमध्ये सुद्धा पास चांगला असेल तर काम होतं. ऐकायच्या रेडिओला इअरफोन लावा, नाहीतर तुमचाच आवाज फिरून माइकमध्ये येऊन शिट्टी वाजते.

आणि प्रत्येक पास रेकॉर्ड करा. फोन खिशात रेकॉर्डिंगवर टाकून द्या. एका हातात अँटेना, दुसऱ्या हातात रेडिओ, कॉलसाइन लिहायला तिसरा हात नसतो, लॉग घरी येऊन रेकॉर्डिंगवरून भरायचा. वेळ यूटीसीमध्ये, सॅटेलाइटचं नाव, समोरचा ग्रिड, मग लॉगबुक ऑफ द वर्ल्ड या ऑनलाइन नोंदवहीवर चढवताना प्रोपगेशनच्या खान्यात सॅट. माझ्या एका पासला मला वाटलं होतं कुणीच उत्तर दिलं नाही, रात्री इअरफोन लावून ऐकलं तर खरखरीच्या आत एक बाई माझा कॉलसाइन दोनदा घेत होती, दोन्ही वेळा मी तिचं संपायच्या आत परत पीटीटी दाबला होता. पुढच्याच आठवड्यात तसाच पास होता, मी एकदा कॉलसाइन दिला, बटण सोडलं आणि पाच सेकंद मोजले. चौथ्या सेकंदाला ती आली.